आलूच्या पोटातला रंग

"रंग टोचला असंन त्याले, आबाजी. आलू कुठं आतून जांभळा राहते का?"

मोठ्या नातवानं मोबाइलवर कापलेल्या जांभळ्या आलूचा फोटो दाखवला आणि निकालही स्वतःच देऊन टाकला. धाकटीचं मत त्याच्याहून कडक. तिच्या मते तो आलू नव्हताच, बीट होतं. पोरांचा संशय अगदी बिनबुडाचा नाही. जुना आलू लाल मातीनं नाहीतर रंगानं माखून नवा म्हणून विकल्याच्या तक्रारी उत्तरेकडच्या बाजारांतून झालेल्या आहेत. म्हणून मी रागावलो नाही. म्हटलं, बसा इथं ओसरीवर. वरून लावलेला रंग वेगळा आणि पोटातून आलेला वेगळा, त्यातला फरक सांगतो. पण तुमचा सवालच उलटा आहे. आलू जांभळा कसा, हे काय विचारता? आलू पांढरा काऊन झाला, हे विचारा.

ही गोष्ट माणसाच्या आधीची आहे. तेव्हा आपलं हिंगणा नव्हतं, नागपूर नव्हतं, माणूस नावाचा प्राणीच पृथ्वीवर नव्हता. सुमारे ९० लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत अँडीजचे डोंगर भराभर उंच होत होते. भराभर म्हणजे डोंगराच्या हिशेबानं, आपल्या नव्हे. त्या मुलखात दोन जातींची झाडं होती. एक टमाटरच्या पूर्वजांची. दुसरी एट्युबरोसम नावाच्या कुळातली; त्या कुळाच्या काही जाती चिलीत आजही सापडतात. दिसायला हुबेहूब आलूचं रोप, पण उपटून पाहावं तर खाली कंद नाही. दोघांची खानदानं फुटून तोवर पन्नासेक लाख वर्षं झाली होती. तरी कधीतरी एकाचे परागकण दुसऱ्याच्या फुलावर पडले आणि बी धरलं. त्या बियांतून जो वंश निघाला तो आलूचा.

"म्हणजे टमाटर आलूचा बाप?"

बाप म्हण की माय म्हण, पण पूर्वज खरा. आणि ही माझ्या मनची कथा नाही बरं. जुलै २०२५ मध्ये 'सेल' या विज्ञानपत्रिकेत सानवेन हुआंग यांच्या चमूनं हे मांडलं. लागवडीच्या ४५० आलूंचा आणि ५६ रानटी जातींचा जनुकसंच त्यांनी तपासला. प्रत्येकीत दोन्ही घराण्यांचा वाटा मिसळलेला निघाला. गंमत अशी की आईबापांपैकी एकाकडेही कंद नव्हता. टमाटरच्या बाजूनं एसपी-६-ए नावाचं जनुक आलं. ते झाडाला सांगतं की आता कंद धरायची वेळ झाली. एट्युबरोसमच्या बाजूनं आयटी-१ आलं. ते जमिनीखाली आडव्या वाढणाऱ्या फांद्यांवर देखरेख ठेवतं. दोन्ही एका झाडात आल्यावर त्या जमिनीखालच्या फांद्यांची टोकं फुगायला लागली. तो फुगवटा म्हणजे आलू.

म्हणून आलू हे मूळ नाही, खोड आहे. त्याचे डोळे पाहिले ना? खोडावर जसे कोंब असतात तसे ते कोंब. रताळं मात्र खरं मूळ, त्याला असे डोळे नसतात. महाशिवरात्रीला दोघं एकाच ताटात येतात म्हणून भाऊ समजू नका. आलूचे सख्खे निराळेच. भंडाऱ्याच्या महाप्रसादात वांगे-आलूची भाजी असते की नाही? त्या गंजात वांगं, आलू, टमाटर आणि तिखटाची मिरची, सगळे एका कुळातले. वांगं तेवढं आपल्या बाजूचं, बाकीचे तिघं अमेरिकेहून आलेले. धोतराही त्याच कुळातला, पण त्याला पंगतीत घ्यायचं नाही.

कंद मिळाल्यावर त्या झाडाचं नशीब उघडलं. डोंगरावर बर्फ पडो, वरचा पाला करपून जावो, खाली अन्न साठवलेलं. ऋतू फिरला की डोळे फुटतात. फूल नको, परागकण नको, बी नको. हळूहळू त्या डोंगरांत शंभरावर रानटी जाती तयार झाल्या. मग सात-आठ हजार वर्षांपूर्वी पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर, टिटिकाका सरोवराच्या आसपास, माणसानं आलू लावायला सुरुवात केली.

आता त्या माणसाची ओळख करून घ्या. चार हजार मीटरवर शेत. दिवसा ऊन चटके देतं, रात्री पाणी गोठतं. एका शेतात तो एक जात लावत नाही, वीस-तीस लावतो. पिवळी, लाल, जांभळी, काळपट, आतून चक्राकार रेघा असलेली, बोटासारखी लांब, गाठीगाठींची. गारपीट झाली तर यातली एक मरेल, कीड आली तर दुसरी जाईल, पण सगळ्याच्या सगळ्या मरायच्या नाहीत. एक जात तर इतकी गाठाळ आहे की तिचं क्वेचुआ भाषेतलं नाव 'सुनेला रडवणारा' या अर्थाचं आहे. नव्या सुनेला तो आलू सोलायला द्यायचा आणि तिचा हात पाहायचा, अशी तिकडची चाल सांगतात. तुमच्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, सासवा सगळीकडे सारख्याच.

हीच माणसं कडू आलूही सोडत नाहीत. ते रात्री उघड्यावर पसरून गोठवतात, सकाळी ऊन पडलं की पायानं तुडवून पाणी काढतात, असं काही दिवस. वाळून जे दगडासारखं उरतं त्याला चुन्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. फ्रिज नव्हता तेव्हापासूनचं काम आहे हे.

पेरूची राजधानी लिमा. तिथं १९७१ साली आंतरराष्ट्रीय आलू केंद्र उभं राहिलं आणि या डोंगराळ शेतांतून चार हजारांवर देशी वाण गोळा झाले. पण शास्त्रज्ञांचं ऋण एकतर्फी राहिलं नाही. कुस्कोजवळ पिसाकच्या डोंगरात क्वेचुआ लोकांच्या काही वस्त्यांनी मिळून आलूचं राखीव रान केलं आहे. त्यांच्याकडून हरवलेले सुमारे चारशे वाण त्या केंद्रानं रोग काढून त्यांना परत दिले. माझ्या मते शास्त्राच्या इतिहासात घेतल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत, परत दिल्याच्या कमी. ही लक्षात ठेवण्यासारखी.

"पण आबाजी, रंग आला कुठून?"

रंगावरच येतो. झाडांत रंगाची मुख्य घराणी तीन. पानाचं हिरवं हरितद्रव्य सगळ्यांना माहीत. दुसरं कॅरोटिनॉइड, पिवळं ते नारिंगी. आपल्या नागपुरी संत्र्याचा रंग त्याचा. तिसरं अँथोसायनिन, लालपासून निळ्या-जांभळ्यापर्यंत; जांभूळ, जास्वंद, काळी द्राक्षं यांचा रंग त्याचा. हे तिसरं पाण्यात विरघळतं आणि आम्ल-अल्कली पाहून रंग बदलतं. जांभळ्या आलूचा कीस पाण्यात पिळा, अर्ध्या पाण्यात लिंबू पिळा, अर्ध्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. लिंबाकडचं पाणी गुलाबी-तांबडं होईल, सोड्याकडचं निळं-हिरवट. टोचलेल्या रंगाचा डाव बहुतेक इथंच उघडा पडतो. आणखी एक पाहा. आलू आडवा कापला की सालीच्या आत एक कडं दिसतं, रस वाहणाऱ्या नळ्यांचं. निसर्गाचा जांभळा त्या कड्याला धरून, कुठं दाट कुठं फिका असा उतरलेला असतो. सुईनं टोचला तर जिथं टोचला तिथं डाग, बाकी पांढरं.

युरोपात आलू पोचला सोळाव्या शतकात. पण चार हजार वाण गेले नाहीत, जहाजांतून आले ते मूठभर कंद. त्यातही अँडीजच्या आलूला बारा तासांचा दिवस सवयीचा. युरोपच्या लांब उन्हाळी दिवसांत तो कंद धरायला फार उशीर लावायचा. जे लवकर धरत ते लोकांनी राखले. मग बाजारानं गुळगुळीत, उथळ डोळ्यांचे, आतून पांढरे किंवा फिकट पिवळे पसंत केले. असं गाळत गाळत जगाच्या ताटात जो आलू आला तो मोठा होता, स्वस्त होता, पण त्याचे भाईबंद मागं राहिले होते.

त्याचा हिशेब आयर्लंडनं चुकवला. तिथल्या गरिबाच्या शेतात लंपर नावाचा एकच वाण. कंदापासून कंद लावला की प्रत्येक रोप आधीच्याची नक्कल. एकाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारतो. १८४५ साली उशिराच्या करप्याचा बुरशीसारखा रोग आला आणि उभं पीक शेतात सडलं. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि रोगानं गेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. रोगाला सगळा दोष देणं सोपं आहे. धान्य त्याही वर्षांत आयर्लंडमधून बाहेर जात होतं, हे पोरांनो पुस्तकात शोधून वाचा.

आता एक वेगळ्या चवीची गोष्ट. १८७२ साल, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. ल्यूथर बरबँक नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा, शिक्षण बेताचं, बागेचा नाद मोठा. त्याच्या शेतात अर्ली रोझ नावाचा आलू होता. त्याला एक हिरवं फळ लागलेलं दिसलं.

"आलूले फळ?"

हो तर! लहान हिरव्या टमाटरसारखं. खायचं मात्र नाही, विषारी असतं. अर्ली रोझला फळ क्वचितच धरायचं, म्हणून बरबँक रोज जाऊन पाहायचा. एक दिवस पाहतो तर फळ गायब. पक्ष्यानं पाडलं की कुत्र्यानं, कोण जाणे. पोरगा वाकून वाकून मातीत शोधत राहिला आणि शेवटी ते सापडलं. आत बिया तेवीस. तेवीसही त्यानं लावल्या, तेवीसही उगवल्या आणि प्रत्येकीखाली निराळा आलू निघाला. कुठं बारका, कुठं वाकडा, कुठं खोल डोळ्यांचा. एकच असा की मोठा, गुळगुळीत, टिकाऊ. तो त्यानं दीडशे डॉलरला विकला आणि त्या पैशावर कॅलिफोर्नियाची वाट धरली. त्याच आलूचा खरबरीत सालीचा अवतार पुढं रसेट बरबँक म्हणून गाजला. अमेरिकेतल्या लांब लांब फ्रेंच फ्राइजसाठी आजही त्याच वाणाचं नाव निघतं. फळ हरवलं म्हणून बरबँक घरी गेला असता, तर आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं.

तेवीस बियांतून तेवीस प्रकार कसे निघाले? आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची, मिळून ४६. लागवडीच्या आलूत बहुतेक चार प्रती, मिळून ४८. म्हणजे पत्त्यांचे चार जोड एकत्र पिसायचे आणि प्रत्येक बीला अर्धे पत्ते वाटायचे. दोन हात सारखे येणं जवळजवळ अशक्य. त्यात २०११ साली आलूचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा जनुकं निघाली सुमारे ३९ हजार. माणसाची वीस हजारांच्या आसपास. याचा अर्थ आलू आपल्याहून हुशार असा नाही, पण त्याला साधा समजू नये इतका नक्की. ते वाचन करणाऱ्या देशोदेशींच्या मंडळींत आपल्या सिमल्याची केंद्रीय आलू संशोधन संस्थाही होती.

रंगाचा कायदा शोधणारा गडी इंग्लंडचा. रेडक्लिफ सॅलमन, पेशानं डॉक्टर. १९०३ मध्ये त्याला क्षय झाला, शहर सोडून बार्ली नावाच्या खेड्यात जाऊन राहावं लागलं. बरा झाला, पण काम काय करावं? त्या काळी मेंडेलनं वाटाण्यांवर शोधलेला आनुवंशिकतेचा नियम नव्यानं चर्चेत आला होता. सॅलमननं फुलपाखरं, उंदीर असं काहीबाही करून पाहिलं, जमेना. शेवटी त्यानं आपल्या माळ्याला विचारलं. माळी म्हणाला, आलू घ्या, आलूबद्दल माझ्याइतकं कोणाला कळत नाही. डॉक्टरनं माळ्याचं ऐकलं. हे मला फार आवडतं. लाल, जांभळे, पांढरे आलू एकमेकांशी संकरून त्यानं पिढ्या मोजल्या आणि १९१० साली दाखवून दिलं की आलूचा रंगही मेंडेलच्या नियमानं चालतो. तो पुढं आयुष्यभर आलूचाच राहिला. १९४९ साली त्यानं आलूचा जाडजूड इतिहासही लिहिला.

आज त्या नियमामागची जनुकं माहीत झाली आहेत. एक जनुक लाल रंगद्रव्य बनवायला लागतं, दुसरं त्या रसायनाला निळ्या-जांभळ्या वाटेनं नेतं. पण तिसरं खरं महत्त्वाचं. कंदाच्या सालीत रंग करायचा की नाही, याचा हुकूम ते देतं. ते गप्प असलं तर आधीची दोन्ही असूनही आलू पांढराच. म्हणजे आपल्या पांढऱ्या आलूंपैकी कित्येकांच्या पोटात रंगाची जनुकं आहेत, फक्त त्यांना हुकूम नाही. गराचा रंग ठरवणारी मंडळी आणखी वेगळी. म्हणून साल जांभळी आणि गर पिवळा, साल लाल आणि गर पांढरा, अशा जोड्या निघतात.

आता आपल्या देशात या. ज्या १९४९ साली सॅलमनचं पुस्तक आलं, त्याच साली पाटण्याला केंद्रीय आलू संशोधन संस्था सुरू झाली. १९५६ मध्ये ती सिमल्याला हलली. पाटण्याच्या भोवती आलू खूप, मग डोंगरावर कशाला? कारण फूल. आपल्या मैदानात आलू हिवाळ्यात येतो, दिवस लहान असतात, तेव्हा झाड फुलायचं मनावर घेत नाही. फूल नाही तर संकर नाही. सिमल्याजवळ अडीच हजार मीटरवर कुफ्री नावाचं गाव आहे. तिथं उन्हाळ्यात दिवस लांब, हवा थंड. आलूला भरपूर फुलं येतात. संकराचं काम तिथं होतं म्हणून संस्थेच्या वाणांच्या नावाआधी कुफ्री लागतं. कुफ्री सिंदुरी, कुफ्री ज्योती, कुफ्री चंद्रमुखी, कुफ्री पुखराज. पुखराज तर तुम्ही नाव न घेता कितीदा खाल्ला असेल.

आणि यात एक नाव आपल्या मराठीतलं आहे, कुफ्री लवकर. १९७२ चा वाण, महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश अशा पठारी मुलखासाठी काढलेला. आपल्याकडे थंडी थोडी आणि उशिरा येणारी. रात्रीचं तापमान वीस अंशांच्या खाली गेलं तरच आलू नीट कंद धरतो, म्हणून उष्णता सोसेल आणि लवकर तयार होईल असा वाण हवा होता. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला आलू संशोधनाचं केंद्र होतं, सातगाव पठारावर आणि साताऱ्याकडे आजही लोक आलू करतात. आपल्या हिंगण्याच्या भारी काळ्या जमिनीत कपाशी, तूर, सोयाबीन, संत्रा. आलू कळमन्याच्या बाजारातून येतो, उत्तर प्रदेशातून, छिंदवाड्याकडून.

नवा वाण होतो कसा, ते ऐका, कारण इथं टोचायची सुई नसते, चिमटा असतो. आईच्या झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडतात, तिचे पुंकेसर खुडून टाकतात, म्हणजे तिचे स्वतःचे परागकण तिच्यावर पडायला नकोत. मग बापाच्या झाडाचे परागकण तिच्या कुक्षीला लावतात आणि फुलाला चिठ्ठी बांधतात. हिरवं फळ धरतं, एका फळात दोनशे-तीनशे बिया सापडू शकतात. त्या पेरल्या की हजारो रोपं, प्रत्येकाखाली वेगळा कंद. पहिल्या वर्षी बहुतेक फेकले जातात. उरलेले पुढच्या वर्षी पुन्हा लावायचे, रोग येऊ द्यायचा, कोण टिकतो पाहायचं, उकडून चव घ्यायची, गोदामात ठेवून कुजतात का बघायचं, निरनिराळ्या राज्यांत लावून उतारा मोजायचा. दहा-बारा वर्षं यात सहज जातात. बरबँकला एका फळात लॉटरी लागली. इथं लॉटरी दरवर्षी काढतात आणि दरवर्षी बहुतेक तिकिटं फाडतात.

असं करत २०१८ मध्ये कुफ्री नीलकंठ आला. साल गडद जांभळी, गर पिवळा. उत्तरेच्या मैदानांसाठी तो निघाला. सालीत अँथोसायनिन, गरात कॅरोटिनॉइड, म्हणजे रंगाची दोन घराणी एका आलूत. मागोमाग लाल सालीचा कुफ्री माणिक आला आणि अलीकडे कुफ्री जामुनिया, ज्याचा गरही जांभळा. तुमच्या मोबाइलमधला आलू यांच्यापैकी कोणाचा तरी भाऊबंद असायचा.

"मग तो खाल्ला की ताकद येते?"

इथं मात्र थोडं थांबा. रंग पाहून दुकानदार जे सांगतो आणि शास्त्र जे सांगतं, त्यात अंतर असतं. कोणताही आलू घ्या, त्यात जवळपास ऐंशी टक्के पाणी, सतरा-अठरा टक्के पिष्ट, दोनेक टक्के प्रथिनं, बरंचसं पोटॅशियम आणि शंभर ग्रॅमला वीसेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. रंगानं यात जादू होत नाही. मधुमेहाच्या माणसानं जांभळा आहे म्हणून ताट भरून घेऊ नये, पिष्ट ते पिष्टच. रंगानं भर पडते ती वेगळी. पिवळ्या गरातली ल्युटिन, झियाझँथिन ही द्रव्यं आपल्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध साठतात. अँथोसायनिन पेशींना ऑक्सिडीकरणाच्या झिजेपासून वाचवायला मदत करतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. माणसांवर? अमेरिकेत स्क्रँटन विद्यापीठात १८ जाडजूड, रक्तदाब असलेल्या माणसांना महिनाभर रोज दोनदा जांभळे आलू सालीसकट खायला दिले. २०१२ साली छापून आलं की त्यांचा रक्तदाब तीन-चार टक्क्यांनी उतरला, वजन वाढलं नाही. आशा वाटावी असा निकाल आहे. पण माणसं अठराच होती. गोळ्या बंद करायला तेवढं पुरत नाही. शिवाय ते आलू तेलात तळलेले नव्हते, हे आलूबोंडा खाताना आठवा.

रंगानं खरोखर आयुष्यं सुधारली ती रताळ्याच्या बाबतीत. आफ्रिकेत लोक पांढरं रताळं खात आणि लहान पोरांना अ जीवनसत्त्वाच्या अभावानं रातांधळेपणा येई. नारिंगी रताळ्यात बीटा-कॅरोटीन भरपूर, त्यातून शरीर अ जीवनसत्त्व करतं. मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांनी मोझांबिक-युगांडात स्थानिक मातीला आणि जिभेला मानवतील असे नारिंगी वाण आणि ते खाण्याची सवय, दोन्ही रुजवलं. २०१६ चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना आणि हॉवर्थ बूइस यांना मिळालं. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या कंदपिकांच्या केंद्रीय संस्थेनं नारिंगी भू सोना आणि जांभळं भू कृष्णा असे वाण काढले आहेत. भू सोनात शंभर ग्रॅमला १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन. पोरांच्या डोळ्यांसाठी मला विचाराल तर मी जांभळ्या आलूआधी नारिंगी रताळं मागेन. आलूतलं पिवळं बहुतेक ल्युटिनच्या जातीचं, त्यातून अ जीवनसत्त्व फारसं होत नाही.

जाता जाता राजगिऱ्याचं सांगतो. दिल्लीत आशीष दत्त यांच्या चमूनं राजगिऱ्यातलं एक प्रथिनाचं जनुक आलूत घातलं. २०१० च्या अहवालात काही आलूंतली प्रथिनं साठ टक्क्यांपर्यंत वाढलेली दिसली. दोन्ही उपासाचे पदार्थ, म्हणजे एकादशीला चालला असता. पण तो शेतापर्यंत आलाच नाही. नीलकंठ त्या वाटेचा नव्हे. त्यात बाहेरच्या कोणाचं जनुक नाही, आलूशी आलूचाच संकर आहे.

आता कामाचं बोलतो. नीलकंठ हाती लागला तर आधी सोलू नका. साल सोलली की जांभळा सगळा उकिरड्यावर गेला, उरला तो पिवळा. स्वच्छ धुवून अख्खा, सालीसकट उकडा. कापून उकडला तर रंग पाण्यात उतरतो. आणि एक रंग मात्र टाळा, हिरवा. उजेडात पडलेला आलू हिरवा होतो, तेव्हा त्यात सोलॅनिन नावाचं विष वाढतं. ते उकडून जात नाही. हिरवा झालेला, कडवट लागणारा आलू सरळ फेकायचा. शेतकरी आलूच्या वरंब्याला मातीची भर देतो ती याचसाठी, कंद उघडा पडू नये म्हणून.

ज्यांच्याकडे अंगण आहे, गच्ची आहे, त्यांनी नोव्हेंबरच्या मध्याला, रात्री गार व्हायला लागल्या की, डोळे फुटलेला एक आलू मोठ्या कुंडीत लावा. निम्मी माती, बाकी शेणखत आणि थोडी रेती. नुसत्या काळ्या चिकट मातीत कंद वेडावाकडा होतो. रोप वीतभर झालं की भर द्या, पाणी साचू देऊ नका. फेब्रुवारीत पाला पिवळा पडला की काढा. आपल्याकडे फूल येणं कठीण, फळ त्याहून कठीण. पण एखाद्या रोपाला हिरवं फळ धरलंच, तर तोंडात घालू नका आणि फेकूही नका. पिकू द्या, बिया धुवून सावलीत वाळवा आणि पुढच्या हिवाळ्यात पेरा. त्यातून कोणत्या रंगाचा आलू निघेल, ते सिमल्याचे शास्त्रज्ञही आधी सांगू शकणार नाहीत.